शिरपेचातला तांबडा खडा

बुऱ्हाणपूरला जाऊन आले असं सांगितलं की आमच्याकडचा प्रत्येक माणूस विचारतो, "तिथं तुमचं कोण?" कोणी नाही. तरी तिथून निघताना एक बाई मला पोटाशी धरून रडली आणि मीही रडले. मी काही ऊठसूट रडणारी बाई नव्हे. शाळेतल्या मुली पाठीमागे मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा हे सगळं नीट सांगितलेलं बरं, नाहीतर लोक आपापल्या मनाने काहीबाही जोडतात.

झालं असं. माझे नानामामा आमच्या संस्थानच्या जामदारखान्याचे कारभारी. जामदारखाना म्हणजे दरबारचे दागिने आणि ठेवणीतले पोशाख ठेवायची कोठी. संस्थान एवढंसं, की मी भूगोल शिकवते तरी वर्गात नकाशावर ते दाखवताना माझ्याच बोटाखाली झाकलं जातं. पण मामांना ते कोणी सांगायचं? एकतीस वर्षं त्या कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. आंघोळीला बसले तरी किल्ल्या समोरच्या पाटावर. मामी गमतीने म्हणायच्या, मी हरवले असते तर यांना दोन दिवसांनी कळलं असतं.

मग संस्थानं विलीन झाली. राजेसाहेबांचं खाजगी कोणतं आणि सरकारचं कोणतं ते ठरवायला एक साहेब आले आणि त्यांच्याबरोबर मुंबईचा एक रत्नपारखी. मामांनी यादी पुढे ठेवली. अक्षर कसं, मोत्याच्या सरीसारखं. तिसऱ्या दिवशी शिरपेचाची पाळी आली. शिरपेच म्हणजे राजेसाहेबांच्या पागोट्यावर दसऱ्याला लागायचा तो तुरा. त्याच्या मध्यभागी बोराएवढा तांबडा खडा. पारख्याने तो कोंदणातून काढला, भिंगाखाली धरला आणि म्हणाला, "हे माणिक नव्हे."

यादीत तर 'माणिक' लिहिलेलं. मग खरं माणिक गेलं कुठं? आणि किल्ल्या कोणाकडे होत्या? एवढं कोणी तोंडाने बोललं नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या डोळ्यांत तेच दिसायला लागलं. राजेसाहेब तर चकार शब्द बोलले नाहीत. मामांना तेच जास्त लागलं. चार दिवसांत माणूस निम्मा झाला.

साहेब भले होते. शिरपेचाच्या पाठीवर कारागिराच्या घराण्याचं नाव आणि 'बुऱ्हाणपूर' असं बारीक कोरलेलं होतं. राजेसाहेबांच्या पणजोबांनी तो तिथं घडवून घेतला होता म्हणे. साहेबांनी खड्याचे दोन्ही बाजूंचे ठसे मेणावर घेतले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि मामांना पंधरा दिवस दिले. "त्या घराण्याकडे काही पुरावा मिळतो का पाहा," म्हणाले. मामांना एकटं पाठवायचं म्हणजे भुसावळला गाडी बदलताना ते दिल्लीला जायचे. मी रजा टाकली.

शनवारा

गाडीतले दोन दिवस गाळते. मामांनी घरून आणलेलं पाणी मनमाडलाच संपलं आणि पुढे त्यांनी घसा कोरडा ठेवून सोवळं सांभाळलं, एवढं सांगितलं तरी पुरे. बुऱ्हाणपूरचं स्टेशन गावापासून लांब. टांगेवाल्याने शनवारा वेशीतून आत आणलं आणि एका धर्मशाळेत उतरवलं. वेशी, तटबंदी, मशिदीचे दोन उंच मिनार, जरीवाल्यांची दुकानं, हातमागांचा खटखटाट. मला आवडलं गाव. इथे कोणी कोणाला घाईत ठेवत नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी 'कसं काय येणं केलंत' विचारतात आणि मग पाणी देतात. इथं पाणी, मग चहा, मग पुन्हा चहा, आणि येण्याचं कारण तुम्हीच सांगाल तेव्हा.

सकाळी सराफ्यात गेलो. पहिल्या तीन दुकानांत त्या घराण्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. मामा उपरण्याचं टोक पिळायला लागले. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या सराफाने मात्र कपाळाला हात लावला. "अरे, सुपडू जडियाचं घर ते! जडिया मतलब खडे बसवणारा. आता कुठं सराफ्यात पाहून राहिले तुम्ही त्याले? राजे गेले, त्याचं काम बी गेलं. शिरपेच कोण बांधणार आता, कलेक्टर? तो निंबोल्याले सासऱ्याच्या शेतात कपाशी करतो."

म्हणजे सापडला! मी इतकी खूश झाले की समोरच्या हलवायाकडून जिलबी घेतली. आमच्याकडची जिलबी पिवळी, कुरकुरीत, बारीक. इथली काळपट, जाडजूड, खव्याची. एका जिलबीत माणूस गार होतो. मी मामांना म्हटलं, "दुधाचीच आहे, सोवळ्याला चालते." खरं तर चालते की नाही देव जाणे. मामांनी कडेचा एक तुकडा मोडून खाल्ला, मग उरलेली संपवली. बिचारे दोन दिवसांचे उपाशी होते.

दुपारी तापीवर गेलो. नदीला लागून बादशाही किल्ला, आत हमामखाना, छताला अजून रंगवलेल्या वेलबुट्ट्या. दक्षिणेतले हिरे याच गावावरून सुरतेला आणि आग्र्याला जायचे, हे मी वर्गात कितीदा शिकवलंय. पण 'जायचे' म्हणजे या घाटावर उंट बसायचे, इथं कोणीतरी फडकं सोडून उन्हात खडे पसरायचं, हे तिथं उभं राहिल्यावर कळलं. मी मामांना ते सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. एकदम म्हणाले, "सुमे, तो जडिया 'माणिकच आहे' म्हणाला तर मुंबईवाला खोटा पडेल, नाही?"

"पडेल की."

"माणिकच म्हणेल तो," मामा म्हणाले. दोनदा म्हणाले.

निंबोला

असीरगडच्या रस्त्याने सर्व्हिस मोटार जाते. जाते म्हणजे चढ येईपर्यंत जाते. चढ आला की उतारू खाली. एका बाईच्या डोक्यावर कोंबड्यांची टोपली, तिच्या मागे मी, माझ्या मागे धोतर खोचलेले नानामामा, आणि आमच्या पुढे मोकळी मोटार आरामात चाललेली. मी हसून हसून बेजार झाले. मामा हसले नाहीत.

निंबोल्याला दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. सुपडूभाऊ शेतातच भेटले. साठीचा, काटक माणूस, कमरेला बांधलेल्या ओट्यात वेचलेला कापूस. हात बघण्यासारखे. शेतकऱ्याच्या हाताला भेगा असतात, यांच्याही होत्या, पण बोटांची टोकं नाजूक, बाईच्या बोटांसारखी. नाव ऐकल्याबरोबर त्यांनी ओटा तिथंच सोडला.

"त्या दरबारचा शिरपेच? आमच्या आजोबांच्या बापानं केला तो. चला घरी. ओ गिरजा, पाव्हणे आले, चाय ठेव!"

गिरजाबाई म्हणजे त्यांची बायको. ठसठशीत, मोठ्या आवाजाची. मला बघून म्हणाल्या, "केवढी वाळली माय, तुमच्याकडं खायले देत नाहीत का?" आणि चहाबरोबर भाकरी, ठेचा आणि दही पुढे केलं. मी जेवले. मामांनी दही घेतलं. हळूहळू सुधारत होते.

जेवण होईपर्यंत सुपडूभाऊंनी कामाचं काही विचारलं नाही. मग मी सगळं सांगितलं. शिरपेच, पारखी, यादी, मामांवर आलेला आळ. 'आळ' म्हटल्यावर दोघं नवराबायको एकमेकांकडे बघून हसले. मला राग आला. हसण्यासारखं काय आहे यात?

"रागावू नका बाई," सुपडूभाऊ म्हणाले, "आमच्या धंद्यात हा आळ रोजचा. दागिना दुरुस्तीले येतो, परत जातो, अन् घरची सासू म्हणते, जडियानं खडा बदलला. म्हणून आमच्या घरची रीत आहे. मोठा खडा बसवायच्या आधी गरम लाखेत दाबायचा, दोन्ही बाजूंनी. त्या लाखेच्या वडीवर धन्याचं नाव अन् खड्याची जात लिहून ठेवायची. वडी घराबाहेर जात नाही. ज्याले शक असेल त्यानं इथं यावं अन् जुळवून पाहावं."

ते माजघरात गेले आणि एक बुटकं मडकं घेऊन आले. आत राख. उन्हाळ्यात लाख मऊ पडू नये, एकमेकीला चिकटू नये म्हणून. राखेतून एकेक काळी वडी काढून, पुसून, डोळ्यांजवळ नेऊन परत ठेवत होते. शेवटी एका वडीवर बोट फिरवून थांबले. आमच्या दरबारचं नाव! मोडीत, पण स्वच्छ.

मामांनी मेणाचे ठसे पुढे केले. सुपडूभाऊंनी दारात उजेडाला बसून दोन्ही शेजारी धरले. एका कडेला टवका उडालेला होता, दोन्हीत तिथंच. कमरेतून आरपार छेद, दोन्हीत तसाच तिरपा. "तोच खडा," ते म्हणाले. "याच्यात खोट नाही. तुमच्याकडं तोच आहे जो इथून गेला."

मी टाळीच वाजवली. "सुटलात मामा! तोच खडा! कोणी बदलला नाही!" गिरजाबाईंनी मला पाठीत धपाटा घातला, आनंदाचा. माझा जीव भांड्यात पडला.

मामा मात्र विचारत होते, "जात काय लिहिलीय?"

"लालडी."

मामा खाली बसले.

मला लालडी म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. सुपडूभाऊंनी मग फळीवरून एक डबी काढली. धंद्यातून उरलेले दोनच खडे त्यात, मुगाच्या दाण्याएवढे, दोन्ही तांबडे. पहिला माझ्या चिमटीत दिला. "उन्हात धरा, हळूहळू फिरवा." फिरवला. एका अंगाने गडद किरमिजी दिसला आणि फिरवता फिरवता किंचित शेंदरी झाला. "हे माणिक. याच्या अंगी दोन तांबडे असतात. आता दुसरा पाहा." दुसरा कसाही फिरवला तरी तेच तांबडं. "ही लालडी. चहूकडून एक."

"पण मग मामा असे बसले का? हलकी असते का ही?" मी विचारलं.

"कोण म्हणतो हलकी?" ते जवळजवळ रागावलेच. "माणिक येते ब्रह्मदेशातून. मातीतून धुऊन काढतात. लालडी वरच्या अंगची, काबूलच्या बी पलीकडं बदख्शां म्हणून मुलूख आहे, तिथली. आमचे आजोबा सांगत, तिथं धरणीकंप झाला, डोंगर फाटला अन् आत लाल लाल दिसलं. बायांले वाटलं रंगाचा दगड आहे. कुटून कापड रंगवाले बसल्या. कुटता कुटता हात दुखले, पण कापडाले रंग काही चढेना. मग एका बाईनं नवऱ्याले दाखवला, नवऱ्यानं जवाहिऱ्याले. अशी निघाली लालडी. बादशहांले तर तीच पसंत. मोठी मिळते ना! नावं कोरून घेत, ओवून गळ्यात घालत. हा छेद त्याचाच, हा खडा कोणाच्या तरी माळेतला आहे. विलायतेच्या राजमुकुटातलं मोठं माणिक म्हणतात ना, ते बी लालडीच निघालं, असा सुरतेचा एक व्यापारी आमच्या बापाले सांगून गेला होता. शेकडो वर्षं दुनिया साऱ्या लाल खड्यांले माणिकच समजून चालली. जडियाले मात्र मालूम होतं. हत्याराखाली दोघांचं वागणं निराळं."

मी भान विसरून ऐकत होते. कसल्या कसल्या गोष्टी माणसाच्या बोटांत राहतात आणि पुस्तकात येत नाहीत! मला त्या माणसाचा हेवा वाटला. मग मी व्यवहारावर आले. "भाऊ, ही वडी आम्हाला द्या. साहेबांना दाखवली की काम झालं."

सुपडूभाऊंनी वडी मुठीत घेतली. "एक सांगा. वडीवर लालडी आहे. तुमच्या यादीत माणिक कसं आलं?"

मी मामांकडे पाहिलं.

"साहेब हेच विचारतील ना? मग म्हणतील, बुऱ्हाणपूरच्या जडियानं लालडी दिली अन् माणिक सांगितलं. तुमचे मामा सुटतील, अन् माझा पणजा चोर ठरल. तो तर मरून गेला, त्याच्या बाजूनं कोण बोलल? नाही बाई. वडी घराबाहेर जात नाही."

मी मामांच्या कानाला लागले. लाज वाटते सांगायला, पण सांगते. मी म्हटलं, "मामा, मी साहेबांना विनंती करते, ते इथं माणूस पाठवून वडी पाहतील. माणिक कोणी लिहिलं ते कोण विचारतंय? पणजोबांच्या वेळचे सगळे गेले." मला मामा हवे होते. निंबोल्याच्या कोणाच्या पणज्याशी मला काय करायचं होतं?

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी बोरं चोरली तेव्हासुद्धा तसं पाहिलं नसेल. मग ते उठले, सुपडूभाऊंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माणिक मी लिहिलं."

चुलीवरचं दूध उतू गेलं तरी गिरजाबाई हलल्या नाहीत.

मामा नोकरीला लागले तेव्हा जुन्या यादीला वाळवी लागलेली होती. वरिष्ठांनी नवी नक्कल करायला सांगितली. पहिलीच मोठी कामगिरी. शिरपेचाच्या ओळीत 'लालडी' लिहिलेलं. मामांनी गावच्या सोनाराला विचारलं, तो म्हणाला, लालडी म्हणजे नकली माणिक. "माझ्या अंगाला कापरं भरलं," मामा म्हणाले. "आमच्या राजाच्या डोक्यावर नकली खडा? आणि ते उद्या कोणी वाचलं म्हणजे? मला वाटलं, कोणा हितशत्रू कारकुनाने लिहून ठेवलंय. दरबारची अब्रू म्हणून मी माणिक लिहिलं. जुनी यादी नदीत सोडली. तेवढाच एक शब्द हो. एकतीस वर्षांत दुसरा काना मात्रा बदलला नाही."

"आणि मुंबईवाला बोलला तेव्हा?" मी विचारलं.

"तेव्हाच आठवलं. राजेसाहेब समोर बसले होते. जीभ उचलेना. म्हटलं, बुऱ्हाणपूरवाले माणिक म्हणाले तर माझं लिहिणंही खरं ठरेल आणि दरबारची अब्रूही राहील." मग सुपडूभाऊंना हात जोडून म्हणाले, "तुमच्या पणजोबांचं काही चुकलेलं नाही. हे मी साहेबांसमोर लिहून देईन. वडी दिली नाहीत तरी देईन."

सुपडूभाऊंनी वडी पुन्हा उजेडाला धरली. मग गिरजाबाईच कडाडल्या, "आता काय मुहूर्त पाहून राहिले? द्या ना त्यांले!" आणि त्यांनी स्वतःच्या लुगड्याचा धुवट तुकडा फाडून त्यात घरातला कापूस घातला, वर वडी ठेवली आणि गाठ मारली. "घराबाहेर जाऊन राहिली पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, "लेकीसारखी परत पाठवा." मग मला पोटाशी धरलं. ते रडणं हेच.

परत

तापीचा पूल ओलांडताना मामा गाडीतून उठून दाराशी उभे राहिले आणि नदीला नमस्कार केला. भुसावळला ते स्टेशनवरच्या नळाचं पाणी ओंजळीने प्याले. मी डोळे विस्फारून पाहत राहिले.

साहेबांच्या कचेरीत राजेसाहेबही आले होते. आता साधी टोपी घालतात. मामांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. वडी आणि ठसे जुळवून पाहिले गेले. साहेबांनी मामांपुढे यादी उघडली आणि टाक दिला. ज्या हाताने मोत्यासारखं लिहिलं होतं, त्या हाताने 'माणिक'वर आडवी रेघ ओढली. रेघ वाकडी आली. वर 'लालडी' लिहून खाली मामांनी पूर्ण नाव घातलं आणि लिहिलं, 'ही चूक माझी.'

मग ते राजेसाहेबांच्या पुढे वाकले. "सरकार, दरबारची अब्रू म्हणून केलं," म्हणाले.

राजेसाहेबांनी त्यांना खांद्याला धरून सरळ केलं. "नाना," ते म्हणाले, "आम्ही तो शिरपेच दर दसऱ्याला बांधला तो तुम्ही हातात द्यायचात म्हणून. काचेचा दिला असतात तरी बांधला असता."